चावीचा फोनो

सूर्यभान सकाळच्या मोटारीने अकोल्याला उतरला तो कागद तयार करूनच. ताजनापेठेच्या तोंडाशी असलेली भाड्याची दुकानाची जागा आणि मागच्या दोन खोल्या त्याचे वडील पुंजाजी तेलगोटे आपखुशीने सोडत आहेत, असं त्यात टाइप केलेलं होतं. सही तेवढी व्हायची होती. जागा घ्यायला एक साडीवाला तयार होता, आणि त्याच्याकडून पागडी म्हणून जे हाती येईल त्यावर सूर्यभानच्या अमरावतीच्या दुकानाला विजेवर चालणाऱ्या नव्या प्लेयरची एजन्सी मिळणार होती. मग अकोल्याचं बिऱ्हाड उठायचं आणि सगळ्यांनी अमरावतीला जायचं. घरात हे दिवाळीपासून बोललं जात होतं. आता माघ लागला होता, आणि म्हाताऱ्याने सगळ्यांना एका दिवशी बोलावून घेतलं होतं.

मैनाबाई, पुंजाजीची लेक, आदल्या दिवशीच अकोटहून आली होती. तिचा नवरा सुदाम कापसाच्या जिनिंगमधल्या कामावरून कमी झाला होता, आणि सूर्यभानने त्याला अमरावतीच्या दुकानात घेण्याचा शब्द दिला होता. त्यामुळे ती कोणाच्या बाजूने बोलणार हे कोणी विचारायची गरज नव्हती.

सुंदराबाईला मात्र कोणीच काही विचारलं नव्हतं. ती पुंजाजीची धाकटी सून. तिच्या नवऱ्याला, देवमनला, जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. शेवटचे आठ महिने तो खाटेवरून सांगायचा आणि ती हात चालवायची. चावीच्या फोनोची, म्हणजे चावी देऊन वाजणाऱ्या ग्रामोफोनची, तुटलेली स्प्रिंग डब्यातून कशी काढायची, टोक तापवून नवं भोक कसं पाडायचं, सुईपाशी आवाज उमटवणाऱ्या साउंड बॉक्सातल्या अभ्रकाच्या चकतीला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रबरी नळी कशी बसवायची, हे सगळं ती तशीच शिकली. एकदा स्प्रिंग डब्यातून सुटली तेव्हा अंगठ्यापासून मनगटापर्यंत हात कापला गेला. देवमन खाटेवर उठून बसला, आणि तिने फडकं बांधून पुन्हा तीच स्प्रिंग हातात घेतली तेव्हाच आडवा झाला. तो गेल्यावर दुकान बंद होईल असं साऱ्यांनी धरलं होतं. तेराव्या दिवशी एक माणूस दुरुस्तीला टाकलेला फोनो मागायला आला. तिने तो नीट करून दिला, आणि दुकान बंद करायचं राहून गेलं.

सूर्यभान आला तेव्हा ती बाकावरच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. भासऱ्याने धाकट्या भावजयीशी थेट बोलू नये ही रीत त्या घरात अजून पाळली जात होती. त्याने रांगेने लावलेल्या फोनोच्या पेट्यांवर नजर टाकली आणि आत जाऊन बापाला विचारलं, एवढं भंगार अजून हाये कसं. पुंजाजीने सांगितलं, हे नवं भंगार आहे, जुनं विकलं गेलं.

सूर्यभानला ते थट्टेचं वाटलं. पण म्हातारा थट्टा करत नव्हता.

तीन सालांपूर्वी सूर्यभानने अमरावतीच्या जवाहर रोडवर दर्शनी काचा लावून नव्या पेट्यांचं दुकान थाटलं, तेव्हा सुंदराबाईलाही वाटलं होतं की आपलं काम आता वर्षभराचं. बटण दाबलं की वाजणारी पेटी मिळत असताना चावी कोण पिळणार? झालं उलटंच. शहरातल्या वकिलाने, डॉक्टरने, दोन-चार मोठ्या शेतकऱ्यांनी नवी पेटी घेतली आणि घरातली जुनी काढून टाकली. ती जुनी पेटी मग जी घरं आजवर फोनो घेण्याचा विचारही करू शकत नव्हती, त्यांच्यापर्यंत खाली आली. ज्यांच्या घरात वडिलांपासूनच्या तीस-चाळीस तबकड्या होत्या, तेही येत. त्यांचा फोनो बिघडला तर त्यांना फोनोच हवा असे, कारण खरखरीत झालेल्या तबकडीवर नव्या यंत्राची महागडी सुई टेकवायचा धीर कोणाला होत नव्हता. गेल्या हंगामात कापूस निघाल्यापासून तर आठवड्यात एकही पेटी गेली नाही असं झालं नव्हतं.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी विचारलंच नव्हतं.

जेवायच्या आधी बोलणं निघालं. सूर्यभान चांगलं बोलायचा. नव्या दुकानाचं, मोठ्या पाटीचं, एजन्सी मिळाली की मुंबईहून थेट माल कसा येईल याचं त्याने सगळं नीट सांगितलं. बाबांना आता आराम मिळेल, सुदामला नोकरी मिळेल. सुंदराबाईसाठी आणि तिच्या लेकीसाठी मागची खोली चुना लावून तयार आहे, लेकीला अमरावतीच्या शाळेत घालू, तिच्या लग्नाचं आपण पाहू. तो हे मनापासून बोलत होता हे सुंदराबाईलाही कळत होतं. दाराच्या आडून ऐकताना तिला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही म्हणूनच जास्त भीती वाटली. एकदा त्या चुना लावलेल्या खोलीत गेलं की जन्मभर कोणाच्या तरी चांगुलपणावर राहायचं होतं.

"बाबा, दुनिया कुठीच्या कुठी गेली," सूर्यभान म्हणाला, "अन आपून अजून चावीच पिळून राहिलो."

मैनाबाई म्हणाली, भाऊचं खरं आहे. पुंजाजीने कागद हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. त्याने अक्षरओळख चाळिशीनंतर केली होती, त्यामुळे तो कुठलाही कागद घाईने वाचत नसे. मग त्याने कागद घडी घालून उशीखाली ठेवला आणि जेवून घेऊ म्हणाला.

चुलीपाशी दोघी जावा होत्या. सुंदराबाई भाकरी थापत होती, सूर्यभानबरोबर आलेली त्याची बायको दुर्गाबाई वांगी चिरत होती. दुर्गाबाई कमी बोलणारी बाई. महिन्याकाठी अमरावतीहून एसटीच्या टपावर सात-आठ बिघडलेल्या पेट्या तीच पाठवत असे, आणि नीट झालेल्या परत मागवून घेत असे. गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीच्या असतील असं सुंदराबाईने धरलं होतं.

"त्या पेट्या कोनाच्या, तुले कधी इचारावं वाटलं नाई?" दुर्गाबाईने वांग्यावरून नजर न उचलता विचारलं.

"लोकायच्या असतीन."

"लोकायच्या नाई. जुनी द्या, नवी न्या म्हनून यायनं दुकानावर बोर्ड लावला. लोकायनं जुन्या आनून टाकल्या. यायनं म्हटलं भंगारवाल्याले देऊन टाक. एक बी देल्ली नाई मी. मांगच्या अंगनात ठेवल्या, तुह्याकडून नीट करून घेतल्या अन इकल्या."

मग तिने सगळं सांगितलं. नवी पेटी काचेत असते. लोक येतात, बटण दाबून पाहतात, छान आहे म्हणतात आणि बाहेर पडतात. त्यातलेच काही जण गल्लीने वळसा घालून मागच्या दाराशी येतात आणि चावीवाली आहे का विचारतात. शेंदूरजनाघाटाकडचे संत्र्याच्या बागेतले राखणदार येतात, मेळघाटातले येतात. महिन्याला नवी पेटी एखादी जाते. दुकानाचं भाडं मागच्या अंगणातून भरलं जातं.

सुंदराबाईचा हात थांबला. तव्यावरची भाकर करपायला लागली तशी तिने ती उलटली.

"दादाले ठाऊक नाई?" तिने विचारलं.

"ठाऊक नाई असं कसं म्हनू? तीन सालात ते मांगच्या अंगनात आले नाईत. येवढं मले ठाऊक हाये."

हे सगळ्यांसमोर सांगाल का, असं सुंदराबाईने विचारलं. दुर्गाबाई म्हणाली, नवऱ्याची मान खाली जाईल असं आपण सांगणार नाही. मग तिने वांगी फोडणीत टाकली आणि तो विषय तिथेच राहिला.

जेवणं आटोपत होती तेव्हा बाहेरून हाक आली. तिघे जण होते, अकोटाच्याही पलीकडच्या एका खेड्यातले. पुढे होता तो बुधाजी, साठीचा, डोक्याला स्वच्छ पांढरा रुमाल बांधलेला. त्याने जय भीम केला आणि सांगितलं की वस्तीने विहार बांधला आहे, विटा-मातीचाच आहे, पण झाला आहे. वस्तीने मिळून एक फोनो घ्यायचा ठरवलं आहे. बाईचं दुकान म्हणून ऐकून आलो.

सुंदराबाई हात पुसत उठली, पण सूर्यभान तिच्याआधी बाहेर गेला. हे गिऱ्हाईक आपण करतो असं त्याने बापाला सांगितलं. अमरावतीहून दाखवायला म्हणून एक नवा प्लेयर तो सोबत घेऊन आला होता. त्याने तो बाकावर ठेवला, वायर भिंतीतल्या प्लगला लावली आणि एक तबकडी लावली. आवाज दुकानात भरून राहिला. तिघांनीही कौतुकाने ऐकलं. एकाने खाली वाकून सुई कशी टेकते ते पाहिलं.

"लई गोड हाये," बुधाजी म्हणाला. "पन हे लाईटवर ना?"

"लाईटवरच. लाईट येतेच आता सगळीकडं."

"आली ना आमच्या गावात. खांब भगवंतराव पाटलाच्या घरापावतर आला. तठून आमच्या वस्तीकडं वयला नाई."

"वयनच ना आज ना उद्या."

"वयला की मी स्वता अमरावतीले येतो तुमच्याकडं. पन तवरिक आमी काय मुके बसावं?"

सूर्यभानने प्लेयर बंद केला. मग त्याने जे केलं त्याची कोणालाच अपेक्षा नव्हती. तो म्हणाला, ही पेटी मला जेवढ्याला पडली तेवढ्यालाच देतो, माझं काही नको, विहारासाठी न्या. आपल्या लोकांनी नवीच वस्तू न्यावी. दारात उभ्या पुंजाजीने मुलाकडे पाहिलं. बुधाजी ओशाळला. एवढं बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणावं हे त्याला कळेना. त्याने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर बाकाच्या टोकाला ठेवलेल्या एका पेटीवर गेली.

ती सागवानी पेटी पंधरा दिवसांपूर्वी भगवंतरावच टाकून गेले होते. अमरावतीला सूर्यभानकडूनच त्यांनी नवा प्लेयर घेतला होता आणि नंतर अकोल्याला आले तेव्हा ही जुनी इथे देऊन गेले होते. सुंदराबाईने कालच तिची स्प्रिंग बदलली होती. बुधाजी जवळ गेला. झाकणाच्या कोपऱ्यावर बिडीने जळल्याचा काळा डाग होता, त्यावरून त्याने बोट फिरवलं.

"हे तं भगवंतरावायच्या बापाची, वामनरावायची पेटी."

सुंदराबाईने हो म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. हा माणूस आता ती पेटी घेणार नाही अशी तिची खात्री झाली.

बुधाजीने सांगितलं की लहानपणी ही पेटी वामनरावांच्या ओट्यावर वाजायची. वस्तीतली पोरं बोरीच्या झाडाखाली बसून ऐकायची. त्याहून पुढे सरकलं की गडी हाकलून द्यायचा. गाण्यातले शब्द तिथपर्यंत पोचायचे नाहीत, चाल तेवढी कळायची. त्या चालीवर ते आपलेच शब्द घालून म्हणायचे. सांगताना तो रडला नाही, की चिडलाही नाही. गाव कुठे आहे, वाट कशी आहे सांगावं तसं सांगितलं.

"अन तेच पेटी आता विहारात नेता?" सूर्यभान म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "त्यायनं टाकलेली?"

बुधाजीने विचार केला. मग सोबतच्या माणसाला खूण केली. त्याने धोतराच्या नव्या फडक्यात बांधून आणलेली एक तबकडी बाहेर काढली. ती त्यांनी गेल्या साली नागपूरला दीक्षाभूमीच्या जत्रेत घेतली होती, बाबासाहेबांवरच्या गाण्याची. वाजवायला वस्तीत काही नव्हतं. वर्षभर ती पंचशील ध्वजासोबत पेटाऱ्यात होती.

"पेटी त्यायची होती, बापू," तो म्हणाला. "तबकडी आमची हाये."

त्याने सुंदराबाईला विचारलं, चावी मी देऊ का. तिने पेटी त्याच्याकडे सरकवली. त्याने चावी आधी एका बोटाने, मग मुठीत धरून फिरवली. किती फिरवायची ते त्याला माहीत नव्हतं. तिने पुरे म्हटल्यावर तो थांबला. तिने नवी पिन लावली आणि तबकडीवर टेकवून दिली. आवाज नव्या प्लेयरपेक्षा लहान होता, थोडा नाकातला. पण शब्द एक ना एक कळत होता. तिघेही पेटीच्या अगदी जवळ, ओणवे होऊन उभे राहिले. पुंजाजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मैनाबाई, दुर्गाबाई दारात आल्या. गाणं संपलं. बुधाजीने तबकडी उलटली आणि पुन्हा चावी द्यायला लागला.

सूर्यभान मागच्या खोलीत निघून गेला.

तिघे पेटी डोक्यावर घेऊन एसटी स्टँडकडे गेल्यावर पुंजाजीने सगळ्यांना आत बसवलं. उशीखालचा कागद काढून समोर ठेवला. तो सही करणार की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याने सुनेला पुढे बोलावलं.

"सुंदरा, तुले काय पायजे?"

तिने पदर सावरला. मनात फार बोललेलं असलं तरी तोंडी ते थोडंच आलं.

"मले दुकान पायजे, मामाजी. भाडेचिठ्ठी माह्या नावानं."

मैनाबाईने लगेच विचारलं की मग भाऊच्या एजन्सीचं काय, आणि माझ्या नवऱ्याचं काय, आणि बाईमाणसाच्या नावाने भाडेचिठ्ठी देतो कोण. सुंदराबाई म्हणाली की अकोट, तेल्हारा, हिवरखेड इथल्या बाजारात पेट्या घेऊन बसणारा माणूस आपल्याला हवाच आहे. सुदामभाऊ जिनिंगच्या मशिनीवर होते, त्यांना दोन महिन्यांत स्प्रिंग बसवायला आपण शिकवू. अकोटातच राहून होणारं काम अमरावतीच्या शब्दापेक्षा जवळचं होतं. मग मैनाबाईने वहिनीला विचारलं की बाजार आठवड्यातून किती दिवस करावे लागतील. ती कोणत्या बाजूला गेली हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

तेव्हा दुर्गाबाई बोलली. जे नवऱ्यासमोर सांगणार नाही म्हणाली होती ते तिने सांगितलं. मागचं अंगण, राखणदार, दुकानाचं भाडं, सगळं. आवाज न चढवता, त्याच्याकडे न पाहता.

सूर्यभानने ऐकून घेतलं. त्याला धक्का बसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर आला तो थकवा होता.

"मले हे कयत नव्हतं काय?" तो म्हणाला. "बाबा, मी जिनिंगच्या मॅनेजरच्या पोराचा सदरा घालून शायेत गेलो. पुस्तकं दुसऱ्याची, ज्यात उत्तरं आधीच लिवलेली. सायकल घेतली तं तिच्यावर कोन्या मास्तरचं नाव. तुमी बी धंदा सुरू केला तो जिनिंगच्या साहेबानं फेकलेल्या फोनोवर. माह्या मनात येवढंच होतं का आपल्या घरातून लोकायले जे जाईन ते कोरं जावं. पयल्यांदा उघडलेलं. त्यात काय चुकलं माह्यं?"

चुकलं असं कोणालाही म्हणता येत नव्हतं. सुंदराबाईला आठवलं की हा माणूस देवमनच्या आजारात दर रविवारी यायचा आणि येताना मुंबईची नवी कोरी औषधं आणायचा. एकदाही अर्धी वापरलेली बाटली कोणाकडून मागून आणली नाही.

पुंजाजीने कागद मधोमध फाडला. मग त्याला वाटलं, हे जरा जास्त झालं. तुकडे हातातच धरून तो म्हणाला की एजन्सी पुढल्या साली पाहू, खांब सगळीकडे वळतील तेव्हा तुझंच दुकान चालायचं आहे.

सूर्यभान उठला. पिशवी घेतली, प्लेयरची वायर गुंडाळली. दाराशी जाऊन थांबला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भावजयीकडे वळून तिच्याशी थेट बोलला.

"सुंदराबाई, दुकान तुमचं. चिठ्ठी तुमच्या नावानं करून घ्या, मालकाले मी सांगतो. एकच म्हननं हाये. बोर्डावरून तेलगोटे नाव काढा. अमरावतीले त्या नावावर मी नवा माल इकतो. ते नाव मले कोरं पायजे."

पुंजाजी काही बोलणार होता. सुंदराबाई आधी बोलली.

"काढतो, दादा," ती म्हणाली.

दुर्गाबाई जाताना म्हणाली की पुढच्या महिन्याच्या पेट्या येतील, यावेळी मागच्या दाराने नाही. सूर्यभानने ते ऐकलं आणि तो पायरी उतरला. संध्याकाळच्या मोटारीने ते दोघं गेले. मोटारीत ते एकमेकांशी काय बोलले हे अकोल्यात कधीच कळलं नाही. पण महिनाअखेरीस टपावरून नऊ पेट्या उतरल्या आणि पावतीवर पाठवणाऱ्याच्या जागी सूर्यभानची सही होती.

भाडेचिठ्ठीला मालकाने आठ दिवस लावले. ती झाली त्या दिवशी सुंदराबाईने पेंटर बोलावला. 'तेलगोटे ग्रामोफोन' हा बोर्ड देवमनने लावला होता. पेंटरने तो खाली उतरवून खरवडला तेव्हा ती आत जाऊन पाण्याचा हंडा भरत राहिली. बाहेर आली तेव्हा फळी कोरी झाली होती.

पेंटरने 'सुंदराबाई' एवढं लिहिलं आणि पुढे आडनाव काय विचारलं. आडनाव नाही म्हटल्यावर तो गोंधळला. फळी लांब होती, अर्धी मोकळीच राहत होती. एवढ्या जागेत काय भरायचं?

तिने त्याला काय लिहायचं ते सांगितलं, आणि कोणता शब्द मोठा करायचा तेही. तो शिडीवर चढला. बोर्ड पुरा व्हायला दुपार झाली. पुंजाजी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागला. सुंदराबाई. जुने फोनो येथे मिळतील.

"जुने येवढं मोठं काहून लिवलं?" त्याने विचारलं.

"लोकं तेच इचारत येतात, मामाजी," ती म्हणाली आणि स्प्रिंगचा डबा घेऊन बाकावर बसली.